सहीने हक्क संपत नाही: कामावरच्या अपघाताविषयी फिरणाऱ्या संदेशाला उत्तर

‘कामावर अपघात झाला तर हे लक्षात ठेवा’ अशा मथळ्याचा एक लांबलचक संदेश सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. त्याचा सूर असा: चोवीस तासांत तक्रार केली नाही तर हक्क जातो, अवयवाचा दर ठरलेला असतो, चूक कामगाराची असेल किंवा तो कंत्राटी असेल तर काही मिळत नाही, कोर्टात वीस वर्षे जातात, म्हणून जे मिळते ते घ्या. तीन वेळा तो माझ्याकडे आला आणि तिन्ही वेळा मी तो न वाचता सोडून दिला. चौथ्यांदा मात्र तो माझ्या आतेभावाने पाठवला आणि खाली एकच ओळ लिहिली, ‘दादा, म्हणजे माझे सगळे संपले ना?’

हा भाऊ सात माणसांच्या एका वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेस (धातू दाबून आकार देणारे यंत्र) चालवत असे. वय ३०, पगार महिना १५,००० रुपये. प्रेसखाली त्याच्या उजव्या हाताचा अंगठा गेला. मालकाने दवाखान्याचे बिल भरले, ४०,००० रुपये हातात ठेवले आणि ‘यापुढे माझा कोणताही दावा राहणार नाही’ अशा मजकुराच्या कागदावर त्याची सही घेतली. संदेशातले नेमके हेच वाक्य त्याला लागले होते: ‘दवाखान्याचा खर्च घेऊन सही दिली की प्रकरण मिटते.’

हे विधान नुसते चुकीचे नाही, तर ते ज्याने लिहिले त्याने कोणाची सोय केली, असा प्रश्न पडावा इतके उलटे आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याचे कलम १७ सांगते की, भरपाईचा हक्क सोडून देणारा किंवा मालकाची जबाबदारी कमी करणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. एकरकमी तडजोड करताच येत नाही असे नाही. पण कलम २८ प्रमाणे तिचे ज्ञापन, म्हणजे लेखी टिपण, मालकाने नुकसानभरपाई आयुक्तांकडे (या कायद्याखालचे दावे ठरवणाऱ्या अधिकाऱ्याकडे) नोंदणीसाठी पाठवायचे असते, आणि रक्कम अपुरी असेल किंवा दबाव टाकून, फसवून मान्यता घेतली असेल, तर आयुक्त नोंदणी नाकारू शकतात. ज्ञापन पाठवलेच नाही तर काय, याचे उत्तर कलम २९ मध्ये आहे आणि ते वाचून मला स्वतःला आश्चर्य वाटले: मालक पूर्ण भरपाईला बांधील राहतो, आणि आयुक्तांनी वेगळा आदेश दिला नाही तर आधी दिलेल्या रकमेपैकी निम्म्याहून अधिक वजावटही त्याला मिळत नाही. म्हणजे त्या ४०,००० पैकी फार तर २०,००० वळते होतील. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च तर भरपाईत धरलाच जात नाही. २००९ च्या दुरुस्तीपासून तो देणे ही मालकाची स्वतंत्र जबाबदारी आहे.

आता पूर्ण भरपाई म्हणजे किती, तेही पाहू. अंगठा गमावल्यास कमाईची क्षमता ३० टक्के घटली असे कायद्याचे पहिले परिशिष्ट मानते. मासिक वेतनाच्या ६० टक्के म्हणजे ९,००० रुपये. त्याला ३० वर्षे वयासाठीच्या २०७.९८ या गुणकाने गुणले की १८,७१,८२० रुपये, आणि त्यांचे ३० टक्के म्हणजे ५,६१,५४६ रुपये. त्यांच्या जागी ४०,००० रुपये देऊन सही घेतली जाते आणि वर हा संदेश ‘जे मिळते ते घ्या’ असा शहाणपणा शिकवतो.

‘अवयवाचा दर ठरलेला, त्यापुढे काही नाही’ हा दुसरा दावाही इथेच निकालात काढतो. प्रताप नारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास साबता हा सर्वोच्च न्यायालयाचा १९७६ सालचा म्हणून उद्धृत होणारा निकाल आहे. चित्रपटगृहात सजावटीचे काम करताना एक सुतार पडला आणि त्याचा डावा हात कापावा लागला. पहिल्या परिशिष्टातल्या तक्त्याप्रमाणे ही अंशतः अपंगता होती. पण सुतारकाम एका हाताने होत नाही, म्हणून त्याची कमाईची क्षमता पूर्णपणे गेली, हे चार न्यायमूर्तींच्या पीठाने मान्य केले. प्रत्येक अंगठा शंभर टक्के धरला जाईल असे मी म्हणत नाही. परंतु ‘हा माणूस कोणते काम करत होता’ हा प्रश्न विचारण्याचा अधिकार या निकालाने दिला आहे. शिवाय भरपाई अपघात होताच देय होते, आयुक्तांच्या निर्णयापर्यंत मालकाला थांबता येत नाही, हेही त्याच निकालात आहे. महिनाभरात ती दिली नाही तर १२ टक्के व्याज लागते, आणि विलंबाला सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही होऊ शकतो.

बाकीचे मुद्दे थोडक्यात. चोवीस तासांत तक्रार करण्याची अट या कायद्यात नाही. सूचना शक्य तितक्या लवकर द्यायची असते, दाव्याची मुदत दोन वर्षांची आहे, आणि सबळ कारण असल्यास त्यानंतरचा दावाही घेता येतो. कंत्राटी कामगाराशी कंपनीचा संबंध नसतो, हेही खोटे. कंपनीच्या नेहमीच्या धंद्यातले काम कंत्राटदारामार्फत करून घेतले असेल, तर कलम १२ प्रमाणे कामगार थेट कंपनीकडे मागू शकतो. कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) योजनेतल्यांचा मार्ग वेगळा आहे: त्यांनी मालकाकडे नव्हे, तर त्या योजनेच्या महामंडळाकडे जायचे.

‘चूक कामगाराची असेल तर काही मिळत नाही’ यात अर्धे सत्य आहे, हे नाइलाजाने कबूल करतो. नशेत असणे, सुरक्षेचा स्पष्ट आदेश जाणूनबुजून मोडणे आणि सुरक्षेसाठीचे साधन माहीत असून काढणे, या तीन कारणांनी झालेल्या अपघातात मालक सुटू शकतो. पण मृत्यू किंवा कायमची पूर्ण अपंगता आली असेल तर तेव्हाही नाही. साधा निष्काळजीपणा या तिन्हींत बसत नाही. आणि उत्पादन वाढावे म्हणून मालकानेच प्रेसचा गार्ड, म्हणजे संरक्षक आवरण, काढून ठेवला असेल, तर तो दोष कामगाराच्या माथी कसा मारणार?

वीस वर्षांची भीती अतिशयोक्त आहे, पण निराधार नाही. तीन महिन्यांत निकाल द्यावा असे कायदा म्हणतो, आणि तसे घडत नाही हे कोर्टाची पायरी चढलेल्या कोणालाही ठाऊक आहे. मात्र भरपाईच्या आदेशाविरुद्ध अपील करायचे तर मालकाला आधी ती रक्कम आयुक्तांकडे भरावी लागते, ही गोष्ट संदेशात सोयीस्करपणे गाळली आहे.

हा कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे. भावाचा अपघात त्याआधीचा, म्हणून वरचे हिशेब आणि कलमे जुन्या कायद्याची आहेत. अपघाताला दोन वर्षे व्हायला अजून सात महिने आहेत. त्या कागदाचा फोटो मी काल मागवून घेतला. त्यावर मालकाची सही आहे, भावाच्या डाव्या अंगठ्याचा ठसा आहे आणि दोन साक्षीदार आहेत. आयुक्तांकडे नोंद झाल्याची खूण कुठेही नाही.