पुरळ अर्धवट दाढीमुळे येत नाही, अति गुळगुळीत दाढीमुळे येते

दाढीनंतर गळ्यावर उठणाऱ्या पुरळेवर एक सल्ला व्हॉट्सॲपवर आणि व्हिडिओंमध्ये सारखा फिरतो: खुंट मागे राहतात म्हणून पुरळ येते, तेव्हा जास्त पात्यांचं रेझर घ्या, उलटा हात मारा, वरून तुरटी चोळा, तरीही गेली नाही तर मेडिकलमधून मलम आणा. दाढी नुकती सुरू झालेली मुलं हे मनापासून पाळतात आणि त्यांचा गळा आणखी बिघडतो. म्हणून एकेक मुद्दा तपासू.

‘खुंट राहिल्याने पुरळ येते.’ नेमकं उलट आहे. दाढी झाल्या झाल्या होणारी आग आणि लाली ही पात्याने वरची त्वचा खरवडल्याची असते. ती एक-दोन दिवसांत शमते. टिकून राहतात त्या पुटकुळ्या. केस फार खोल कापला की त्याचं टोकदार टोक बाहेर येण्याआधीच आतल्या आत त्वचेत घुसतं, किंवा बाहेर येऊन वळतं आणि पुन्हा त्वचेत शिरतं. शरीर त्याला काट्यासारखं परकं मानतं, म्हणून सूज येते, कधी पू होतो. डॉक्टर याला स्यूडोफॉलिक्युलायटिस बार्बी म्हणतात. कुरळ्या, राठ केसांच्या लोकांना हा त्रास जास्त.

‘जास्त पाती, कमी त्रास.’ पहिलं पातं केस ओढून वर आणतं, तो मागे जायच्या आत दुसरं कापतं, आणि उरलेलं टोक त्वचेच्या पातळीखाली जातं. सरळ, मऊ केसांच्या माणसाला यातून फारसं काही होत नाही. पण ज्याला पुटकुळ्या येतात त्याने एकाच पात्याचं रेझर वापरावं, किंवा ट्रिमरने मिलिमीटरभर खुंट ठेवावेत. गाल जरा खरखरीत लागेल, तो लागू द्यावा.

‘उलटा हात मारल्याशिवाय दाढी पूर्ण होत नाही.’ सगळ्यात जास्त नुकसान याच समजुतीने होतं. गळ्यावरचे केस एका दिशेने वाढत नाहीत; जबड्याखाली ते खाली वळलेले असतील, तर कंठाजवळ आडवे किंवा चक्क वर. दोन दिवसांची दाढी वाढू द्या आणि बोट फिरवून बघा. जिकडे बोट सहज सरकतं, ती केसांची दिशा. रेझर तिकडेच न्यायचं. त्याआधी दोन-तीन मिनिटं कोमट पाण्याने दाढी नीट भिजवा, कारण भिजलेला केस मऊ होतो आणि कमी जोरात कापला जातो. आंघोळीनंतर दाढी केली तर हे काम आपोआप होतं. फेस लावा, त्वचा ताणू नका, रेझर दाबू नका. एका जागी पुन्हा फिरवायचं असेल तर आधी पुन्हा फेस लावा. घासताना पातं अडखळलं की ते बदला. सलूनमध्ये बसल्याबरोबर ‘फक्त सरळ हात’ असं सांगा. यात संकोच कशाला?

‘तुरटीने पुरळ जाते.’ तुरटी कापलेल्या जागी रक्त थांबवते, तेवढं खरं. आत अडकलेला केस ती मोकळा करत नाही, आणि जास्त चोळली तर त्वचा कोरडी पडते. घरी आपली वेगळी वडी ठेवा. सलूनमध्ये दहा जणांवर फिरलेली वडी नको. नवं ब्लेडही आपल्यासमोर लावून घ्या, कारण हिपॅटायटिस बी आणि सी रक्ताने माखलेल्या पात्यातूनही पसरू शकतात.

‘मेडिकलमधलं मलम लावा.’ हा भाग वाचून मला राग येतो. अशा मिश्र मलमांत अनेकदा तीव्र स्टिरॉइड असतं. दोन दिवसांत लाली ओसरते म्हणून माणूस ते महिनोन् महिने लावतो. मग त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, आणि पुरळ मुळात नायट्याची असेल तर ती दबून पसरत राहते. 2018 मध्ये केंद्र सरकारने 14 स्टिरॉइड मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत घातली, ती याच गैरवापरामुळे.

‘दाढी केली की केस जाड होतात’ हेही सोबत सांगितलं जातं. अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी 1928 मध्येच हे तपासून खोटं ठरवलं. कापलेलं टोक हाताला जाड लागतं, इतकंच.

पुटकुळ्या आधीच आल्या असतील तर तीन-चार आठवडे रेझर पूर्ण बंद ठेवा. सुईने केस उकरू नका, डाग पडतात. पू, दुखरी गाठ किंवा गोल कडेचा खाजरा चट्टा दिसला तर थेट त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.