लाल दिवा लुकलुकतोय आणि म्हणे तक्रार निवारण झालं

घरचं इंटरनेट बंद, राउटरवरचा एलओएसचा (म्हणजे सिग्नलच येत नसल्याचा) दिवा लालभडक लुकलुकतोय आणि मोबाइलवर इंटरनेट कंपनीचा मेसेज, "आपल्या तक्रारीचे समाधानकारक निवारण झाले आहे." कोणी केलं?? कधी केलं? दिवसभर घरात मीच आहे, बेल वाजली नाही, फोन आला नाही आणि तिकीट क्लोज! वर लिंक, आमच्या सेवेला रेटिंग द्या. देतोच म्हटलं, तर आधी लॉगिन, मग ओटीपी, आणि ओटीपी टाकल्यावर "काहीतरी चुकले, थोड्या वेळाने प्रयत्न करा". एक स्टार द्यायचीसुद्धा सोय ठेवली नाही मेल्यांनी.

परत फोन लावला. "सर, राउटर एकदा बंद करून चालू करा." अहो ताई, फायबरमधून सिग्नलच येत नाहीये, वायर बाहेर कुठेतरी तुटलीय नाहीतर वाकलीय, मी इथे बटण दाबून ती कशी जोडली जाणार? "सर, ३० सेकंद थांबून चालू करा." थांबलो. केला चालू. लालच. "सर, आता मागचं रिसेट पिनने दाबून धरा." अजिबात नाही! ते दाबलं की पीपीपीओईचं, म्हणजे राउटर तुमच्या नेटला जोडणाऱ्या लॉगिनचं, युजरनेम, पासवर्ड सगळं उडणार आणि ते परत टाकायला तुमचाच माणूस लागणार, जो येत नाही. कोपरापासून नमस्कार!

आणि तो माणूस आला तरी काय दिवे लावतो माहितीये ना. राउटरला चिकटून उभा राहतो, वायफायच्या ५ गिगाहर्ट्झ बँडवर स्पीड टेस्ट मारतो, "बघा सर, फुल येतंय." मी काय राउटरच्या मांडीवर बसून काम करतो का? दोन भिंती मध्ये आल्या की ते ५ गिगाहर्ट्झ धापा टाकतं, फोन गुपचूप २.४ वर उडी मारतो आणि तिथे आख्खी बिल्डिंग एकाच चॅनेलवर कोंबलेली. १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल एकमेकांत न घुसणारे, चला आपणच बदलू म्हटलं तर १९२.१६८.१.१ चा, म्हणजे राउटरच्या सेटिंगच्या पानाचा, ॲडमिन पासवर्ड यांनीच बदलून ठेवलाय. विचारलं तर "पॉलिसी आहे सर". घर माझं, लाइट बिल माझं, पॉलिसी यांची. आणि तो १०० एमबीपीएसचा प्लॅन म्हणजे सेकंदाला १२.५ मेगाबाइट, तेही कागदावर, ते वेगळंच.

त्यात घरच्यांनी मलाच कस्टमर केअर करून टाकलंय. कोणाचा मोबाइल डेटा संपला तरी "वायफायला काय झालं रे?", टीव्हीचा रिमोट चालेना तरी मीच. मघाशी आतून हाक आली, प्रिंटर चालत नाहीये, आणि माझ्या तोंडून जे बाहेर पडलं ते असं, "बंद करून चालू करून बघितलं का?"

सगळे हसतायत अजून. हसा.

अजून त्या चॅटबॉटबद्दल बोलायचं होतं, पण हे हॉटस्पॉटवरून लिहितोय आणि डेटा संपत आल्याचा मेसेज आलाय, त्यामुळे त्याच्या शिव्या उद्या.