‘कधी घाम गाळलाय का?’ : स्पष्टवक्ता यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

स्पष्टवक्ता, तुमची प्रतिक्रिया वाचली. खाली दोन ओळींत उत्तर देऊन विषय संपवणार होते, पण लिहिता लिहिता लांबत गेलं म्हणून इथे वेगळं टाकतेय.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की दिवसभर उभं राहून, चालून, उचलाउचल करून ज्या नोकऱ्या कराव्या लागतात त्यात आपल्याला वाटतात तेवढ्या कॅलरी जळत नाहीत, दमणं वेगळं आणि जळणं वेगळं. त्यावर यांचं म्हणणं असं की "लेखकाने आयुष्यात कधी घाम गाळलेला दिसत नाही, एसीत बसून गुगल करणाऱ्यांनी कष्टकऱ्यांना शिकवू नये." पुढे त्यांचे मुद्दे असे: अंगमेहनत करणारा माणूस रोज पाच हजार कॅलरी सहज जाळतो. मेटचे तक्ते (मेट म्हणजे कुठल्या कामाला किती ऊर्जा लागते ते मोजायचं एकक) सरासरीचे असतात, त्यात ओझं धरलेलं नसतं. शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या हाड्झा लोकांचा अभ्यास फक्त तीस जणांचा होता. लंडनचे बस कंडक्टर ड्रायव्हरांपेक्षा सडपातळ होते ते कशामुळे? आणि ज्यूट मिलच्या जुन्या अभ्यासात जड काम करणारे जास्त खात होते, ते मी "सोयीस्करपणे" गाळलं.

मतभेदाचं मला काही वाटत नाही. हजारदा असू देत. पण माणसाशी ओळख ना पाळख, आणि पहिल्याच वाक्यात त्याच्या आयुष्याचा निकाल लावून मोकळं व्हायचं, ही कुठली चर्चा? पहिली गोष्ट, लेखकाने नाही, लेखिकेने. वर नाव आहे, फोटो आहे. कष्टकऱ्यांची बाजू घ्यायला निघालात आणि कष्ट करणारी बाई असू शकते एवढंही मनात आलं नाही, हे जरा गमतीशीर नाही का? आणि स्वतः मात्र टोपणनावाआड. असो.

आता घामाचं. मी कितीतरी वर्षं नर्स होते. जनरल वॉर्ड, नंतर ऑर्थो, म्हणजे हाडांचा वॉर्ड. कुठल्या हॉस्पिटलात ते सांगणार नाही, गरज नाही. ऑर्थोच्या वॉर्डात पेशंट स्वतःहून कूस बदलत नाही, दर दोन तासांनी पोझिशन द्यावी लागते नाहीतर बेडसोर होतो. म्हणजे काय करायचं, तर दोघींनी दोन बाजूंना उभं राहायचं, ड्रॉशीट (पेशंटच्या अंगाखालची आडवी चादर) गुंडाळून पेशंटच्या अंगाजवळ घट्ट धरायचं, गुडघे वाकवायचे, एक-दोन-तीन म्हणायचं आणि नव्वद किलोचा माणूस वर सरकवायचा, आणि त्याच वेळी त्याच्या पायाला ताण द्यायला लावलेलं ट्रॅक्शन हलता कामा नये आणि कॅथेटर ओढला जाता कामा नये. एका पेशंटला. मग पुढचा बेड. दुसरी सिस्टर रजेवर असेल तर वॉर्डातल्या मावशींना हाक मारायची आणि त्या येईपर्यंत निम्मं काम एकटीने करायचं. ड्यूटी संपल्यावर बूट काढले की मोज्यांचं इलॅस्टिक पायात रुतलेलं असायचं. कंबर अजूनही थंडीत आठवण करून देते. तेव्हा घाम कोणी गाळला आणि कोणी नाही, हे तुम्ही मला सांगू नका.

आणि ऐका, त्याच वर्षांत माझं वजन वाढलं. तुमच्या हिशोबाने मी काडी व्हायला हवी होते.

का वाढलं, तर याचंच उत्तर मूळ लेखात होतं आणि तेच तुम्ही वाचलेलं दिसत नाही. पेशंट उचलणं हे लक्षात राहतं कारण त्यात जीव निघतो, पण घड्याळ लावून बघितलं तर ते प्रत्येकी मिनिटभराचं काम असतं. बाकीच्या वेळात हळूहळू चालणं, उभं राहून औषधं काढणं, सलाईनचे थेंब मोजणं, हँडओव्हर, आणि बसून चार्ट भरणं, चार्ट भरणं, चार्ट भरणं. बहुतेक अंगमेहनतीच्या कामांचं असंच असतं हो. माल उतरवणारे गाडी यायची वाट बघत बसतात, बांधकामावरचा माणूस मिक्सर फिरेपर्यंत उभा असतो. म्हणून आठ तासांची सरासरी काढली की ती धापा टाकायच्या क्षणापेक्षा खूपच खाली येते.

आकडेच हवेत ना? १ मेट म्हणजे स्वस्थ बसलेल्या शरीराचा खर्च, दर किलो वजनामागे तासाला साधारण १ किलोकॅलरी (बोलताना आपण तिलाच कॅलरी म्हणतो). टेबलावर बसून काम १.५ मेटच्या आसपास. वॉर्डातल्या ड्यूटीची सरासरी २.५ धरा. ६० किलोच्या बाईला आठ तासांत बसून ७२० आणि वॉर्डात १२०० किलोकॅलरी लागतात. फरक ४८०. मोठा आहे, नाही म्हणत नाही, पण दिवसभर पाय तुटेपर्यंत राबून ४८०, आणि भूक मात्र दुपटीने लागते. लोक चुकतात ते इथे, की ते १२०० पूर्ण "कामात जाळले" म्हणून धरतात, त्यातले ७२० खुर्चीत बसूनही गेलेच असते हे वजा करत नाहीत. मनगटावरची घड्याळंही बऱ्याचदा हा सगळाच आकडा दाखवतात, आणि तोही भरवशाचा नसतो. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या लोकांनी असे सात बँड ६० जणांवर तपासले, नाडी बऱ्यापैकी बरोबर यायची पण कॅलरीत सगळ्यात चांगला बँडसुद्धा सरासरी २७ टक्के चुकत होता. सगळ्यात वाईट होता तो ९३ टक्के.

आता तुमचे पाच हजार. "सहज" म्हणालात, म्हणून मुद्दाम मांडून दाखवते. ६५ किलोचा माणूस घ्या. आठ तास झोप, १ मेटने ५२०. कामाबाहेरचे आठ तास १.५ मेटने ७८०. झाले १३००. म्हणजे उरलेल्या आठ तासांच्या कामात ३७०० जाळायला हवेत, म्हणजे तासाला ४६० च्या वर, म्हणजे ७ मेटच्या थोडं पुढे. ७ मेट म्हणजे जॉगिंग. सलग आठ तास, न थांबता, जेवणाची सुट्टी न घेता, रोज. कोण करतं हे? सायकल शर्यतीतले लोक करतात आणि तेही काही आठवडेच. कामगार माणूस शहाणा असतो, तो पूर्ण पाळी निभेल असा वेग आपोआप धरतो. कामाच्या शरीरशास्त्रात हे जुनं गणित आहे, पूर्ण दिवसभर माणूस आपल्या कमाल क्षमतेच्या साधारण एक तृतीयांशाच्या आसपास टिकतो. धडधाकट माणसाचा तो तिसरा हिस्सा ४ मेटच्या जवळ येतो. त्या हिशोबाने जड कामाचा दिवस ३४०० च्या घरात जातो. हा आकडा मूळ लेखातही होता, एका ओळीत का होईना.

एक गोष्ट मात्र देते तुम्हाला. लेखाचं शीर्षक जरा भडक होतं. "कष्टाने कॅलरी जळतात हा गैरसमज" असं लिहिण्याऐवजी "वाटतात तितक्या" हे शब्द शीर्षकात यायला हवे होते, ते लेखात होते. बघा, मी काही हट्टी नाही.

आणि घाम म्हणजे कॅलरी नव्हे, हेही एकदा लिहूनच टाकते कारण प्रतिक्रियांमध्ये अजून चारजण तेच म्हणतायत. घाम शरीराला गार ठेवायला येतो. काम करताना आतून उष्णता तयार होते म्हणून येतो हे खरं, स्नायूंमध्ये गेलेल्या ऊर्जेतली पाऊण तर उष्णता म्हणूनच बाहेर पडते, पण उन्हात नुसतं उभं राहिलात तरी येतोच की. भट्टीजवळ काम करणारा निथळत असतो, शीतगृहात पेट्या हलवणारा कोरडा असतो, आणि दोघांत जास्त कोण जाळतोय हे शर्टाकडे बघून कळत नाही.

बस कंडक्टरांचं तुम्ही काढलंत ते बरं केलंत. १९५३ मध्ये ब्रिटिश डॉक्टर जेरेमी मॉरिस यांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दाखवलं की दुमजली बसचे जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होतो. मोठं काम आहे ते, मी शिकताना वाचलंय. पण सडपातळपणाचं? १९५६ मध्ये त्याच गटाने त्यांच्या गणवेशांची मापं तपासली, ड्रायव्हरांच्या कमरा मोठ्या निघाल्या, आणि तरुण ड्रायव्हरांच्यासुद्धा. म्हणजे बरीच वर्षं बसून बसून कंबर सुटली एवढं सोपं नाही, आधीच तसे असलेले लोक तिकडे गेले असण्याची शक्यता आहे. अर्धा अभ्यास वाचून फेकला की असं होतं.

हाड्झांच्या अभ्यासात तीसच होते, हो. माहीत आहे. टांझानियातले, २०१२ चा, पुरुष रोज ११ किलोमीटरच्या आसपास चालणारे. पण तो अंदाजपंचे नव्हता, दुहेरी खुणेचं पाणी पाजून मोजलं होतं. पाण्यातल्या हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे जड प्रकार लघवीतून किती वेगाने कमी होतात ते बघायचं, त्यावरून कार्बन डायऑक्साइड आणि त्यावरून ऊर्जा निघते, माणूस आपलं रोजचं काम करत असतानाच. शरीराचा आकार जमेला धरल्यावर एकूण खर्च बैठ्या पाश्चात्यांइतकाच आला. मग २०१६ मध्ये हाच अभ्यास करणारे संशोधक पाँट्झर यांनी पाच समाजांतले ३३२ प्रौढ घेतले, तिथेही हालचाल वाढते तसा खर्च आधी वाढतो आणि मग सपाट होत जातो. ठरलेल्या पगारात एका खात्यात जास्त गेलं की दुसरीकडे हात आखडतो, तसं शरीर इतर ठिकाणी वाचवतं असं त्यांचं म्हणणं. ड्यूटीवरून घरी आल्यावर मी सोफ्यावरून उठायचे नाही, ते काय उगाच?

ओझ्याचं म्हणाल तर तक्त्यात ओझ्याच्या वजनानुसार वेगळे आकडे दिलेले असतात, उघडून बघा. ज्यूट मिलचा अभ्यास, मायर यांचा, १९५६, त्यात लोक किती खातात ते मोजलं होतं, किती जाळतात ते नाही. त्यावर लिहायचं तर वेगळा लेख होईल, आज वेळ नाही.

तुमची प्रतिक्रिया उडवलेली नाही, आहे तशी आहे, लोकांनी वाचावी. पुन्हा लिहिणार असाल तर एवढं कराल का: तुमच्या ओळखीतला तो पाच हजारवाला माणूस, त्याचं वजन किती, आठ तासांत प्रत्यक्ष उचलणं किती मिनिटं आणि थांबणं किती, हे विचारून लिहा. हिशोब मी इथेच सगळ्यांसमोर करून देते. "सहज" हा शब्द तेवढा वगळा.