वायर सोला, नायतर तशीच विका, पण जाळू नका रे

चतुर्थी जवळ आली की आमच्या गोव्यातल्या डिचोली-साखळी बाजूला घरं रंगवायची घाई सुरू होते आणि रंगाच्या आधी वायरिंग बदलायची घाई, म्हणजे आम्हा वायरमन लोकांचा सीझन. जुनी वायर भिंतीतनं ओढून काढायची, नवी घालायची, आणि ती जुनी भेंडोळी मग कुणाची यावर घरमालक बहुतेक वेळा एकच वाक्य बोलतो, "ती पोरनी वायर तूंच व्हर", म्हणजे ती जुनी वायर तूच ने. झालं. मग पावसाने जरा उघडीप दिली की संध्याकाळी पडीक चिरेखाणीच्या बाजूने काळा धूर वर येतो, घशाला टोचणारा वास येतो, आणि आम्हा धंद्यातल्या लोकांना बघायला जायची पण गरज नसते, कुणीतरी वायर जाळतोय.

पर्यावरणाचं नंतर बोलू, कारण त्या नावाने सुरुवात केली की आमची पोरं मोबाईल काढून बसतात. आधी पैशाचं बोलतो.

जाळणाऱ्याला वाटतं की मेहनत वाचली आणि तांबं मोकळं झालं. पण जळालेलं तांबं आणि सोललेलं तांबं एकाच रेटने जात नाय. सोललेलं तांबं लाल-गुलाबी चकचकीत असतं, ते सरळ वरच्या रेटने जातं. जळालेलं काळं पडतं, राख चिकटते, हातात घेऊन वाकवलं की बारीक तार तुटते. भंगारवाला हे सगळं बघतो आणि किलोमागे रेट पाडतो, आणि त्याचं चूक पण नाय, कारण पुढे वितळवताना त्याला तेवढी घट येते. अमेरिकेतल्या भंगारवाल्यांच्या संघटनेने तांब्याच्या वायरीच्या ग्रेड ठरवून दिल्यायत, जगभर सौदे त्याच्यावर होतात, त्यांना बार्ली, बेरी, बर्च अशी नावं आहेत (कुणी ठेवली देव जाणे, किराणा दुकान वाटतं). त्यात बेरी म्हणजे एक नंबरच्या मालात स्पष्ट लिहिलंय की जळून ठिसूळ झालेली वायर चालणार नाय. दोन नंबरच्या बर्चमध्ये पण ती बसत नाय. म्हणजे आपण काडी लावून स्वतःच आपल्या मालाचा ग्रेड उतरवतो. वर प्लास्टिकचं साल पण गेलं, जे साफ असेल तर विकलं जातं, त्याच्या चपलांचे तळ आणि बागेतले पाईप होतात.

आता कुठली वायर सोलायची आणि कुठली नाय, हे खरं डोकं लावायचं काम आहे आणि इथेच लोक कंटाळून काडी लावतात. हिशोब सोपा आहे. तांब्याची घनता घन सेंटीमीटरला ८.९६ ग्रॅम, म्हणजे १ स्क्वेअर एमएम जाडीच्या वायरीत मीटरला ९ ग्रॅमच्या आसपास तांबं. १.५ ची असेल तर साधारण साडेतेरा ग्रॅम, २.५ ला बावीसच्या वर, आणि ४ स्क्वेअरला, ज्याला जुने वायरमन अजून सात-वीस म्हणतात, मीटरला जवळजवळ ३६ ग्रॅम. एकदाच ब्लेड फिरवलं की ३६ ग्रॅम. आता दुसऱ्या बाजूला मिक्सर-इस्त्रीची तीन कोरची फ्लेक्झिबल वायर घ्या, पाऊण स्क्वेअरची. वरचं जाड साल एकदा काढा, मग आतल्या तीन वायरी एक-एक करून सोला, म्हणजे मीटरला चार वेळा ब्लेड, आणि शेवटी हातात तांबं किती, तर २० ग्रॅम. ते पण केसासारख्या तारांचं, जे बारीक असल्यामुळे वरच्या ग्रेडमध्ये बसतच नाय. असल्या वायरी सोलायच्या नाहीतच. चार्जरच्या वायरी, टीव्हीच्या, लॅपटॉपच्या, सगळ्या एका गोणीत आणि तशाच विकायच्या. भंगारवाला रिकव्हरी, म्हणजे आतून तांबं किती निघेल ते, बघून रेट देतो, कमी देतो मान्य आहे, पण तुमचा वेळ आणि बोटं वाचतात. मोठ्या कारखान्यात ही बारीक वायर मशीनमध्ये दळून तांबं आणि प्लास्टिक वेगळं करतात, आपण विळी घेऊन त्यांच्याशी स्पर्धा करायला जाऊ नये.

मीटरपासून मेन बोर्डाची जाड वायर, एसीची लाईन, पंपाची केबल, हे मात्र सोलायलाच पाहिजे. फळीवर ब्लेड पक्कं बसवायचं, धार थोडी वर, आणि वायर ब्लेडवरून ओढायची, ब्लेड वायरीवरून नाय. हे उलटं करणाऱ्यांचे अंगठे मी बघितलेत. हातमोजे घाला, तुकडे लांब ठेवा, आणि वायर उन्हात टाकून मग सोला, पीव्हीसी, म्हणजे सालाचं प्लास्टिक, गरम झाली की साल सरकन निघतं, आता पावसात तीच वायर कडक असते. हँडल फिरवायची छोटी मशीन मिळते, रोलर वायर आत ओढतो आणि ब्लेड साल चिरतं, ज्याच्याकडे नेहमी माल येतो त्याने ती घ्यावीच. जुन्या वायरीत कधीकधी आतून हिरवा चिकट द्रव गळतो, तांब्याबरोबर प्लास्टिक खराब होऊन तो होतो, तो हाताने पुसून त्याच हाताने पाव खाऊ नका.

आणि सोलायच्या आधी एक टोक कापून बघा तरी. साठ-सत्तरच्या दशकात देशात तांब्याची टंचाई होती तेव्हा घरांत अ‍ॅल्युमिनियमची वायर भरपूर घातली गेली, आमच्याकडच्या जुन्या घरांत लाकडी पट्टीवर मारलेली अजून सापडते. उचलली की हलकी लागते तेव्हाच कळतं. हल्लीच्या स्वस्त वायरीत अ‍ॅल्युमिनियमवर नुसता तांब्याचा मुलामा असतो, ती कानसीने घासली की आत पांढरी दिसते. याच्या बरोब्बर उलटं म्हणजे जुन्या रबरी वायरी, त्यांची तार वरून पांढरी दिसते म्हणून लोक फेकतात, पण तो कथलाचा थर असतो, रबरातल्या गंधकापासून तांबं वाचावं म्हणून दिलेला, घासलं की आत लाल निघतं.

आता धुराचं. शुद्ध पीव्हीसीमध्ये वजनाने अर्ध्याहून जास्त क्लोरीन असतं. जाळलं की हायड्रोजन क्लोराईड होतो, घशाला टोचतो तो हाच, ओल्या हवेत त्याचं आम्ल होतं. पण त्याच्यापेक्षा वाईट डायॉक्सिन नावाचं विष, आणि ते व्हायला तांबंच मदत करतं, म्हणजे साधं प्लास्टिक जाळण्यापेक्षा तांब्याची वायर जाळणं जास्त घाण काम आहे. जुन्या वायरीच्या पीव्हीसीत तर शिसं पण असायचं. २००१ च्या स्टॉकहोम करारात डायॉक्सिन कुठून येतं त्याची यादी आहे, त्यात तांब्याच्या केबल धुमसवणं हे नाव घेऊन लिहिलंय, आणि भारताने तो करार २००६ मध्ये मान्य केलाय. घानामध्ये आग्बोग्ब्लोशी म्हणून जागा होती, तिथे जगभरच्या वायरी जाळायचे. २०१९ च्या एका अहवालाप्रमाणे तिथे चरणाऱ्या कोंबड्यांची अंडी तपासली तर एका अंड्यात युरोपने ठरवलेल्या दिवसाच्या मर्यादेच्या २२० पट डायॉक्सिन निघालं. आपण म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गावठी अंडी दोन पैसे जास्त देऊन घेतो. ती कोंबडी कुठल्या राखेत टोचून आली ते कोण विचारतो?

राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्येच उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी केलीय, साधं जाळलं तर ५ हजार, मोठ्या प्रमाणात असेल तर २५ हजार दंड. दंड कुणी भरलेला आमच्याकडे तरी मी ऐकला नाय. धूर दिसतो सगळ्यांना, फोन कुणी करत नाय, कारण जाळणारा पोरगा गरीब असतो आणि त्याची दया येते. मला पण येते. पण श्वास तोच घेतो ना पहिला, आणि दिवसाच्या शेवटी त्याला रेट पण पडून मिळतो.

अजून एक गोष्ट कुणी उघड बोलत नाय. जाळणारा प्रत्येक जण काय आळशी नसतो. वायरीच्या सालावर कंपनीचं नाव, साईज छापलेली असते, जाळलं की ओळख गेली. कुळागरातल्या, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेतल्या, पंपाची केबल रात्री कापून नेली तर सकाळी ती काळ्या तारांचा गुंता झालेली असते, ओळखणार कशी? मे २०२४ मध्ये लंडनच्या बाजारात तांबं टनाला ११ हजार डॉलरच्या वर गेलं होतं, असा रेट असल्यावर चोऱ्या होणारच. म्हणून माझं सरळ म्हणणं आहे की भंगारअड्डेवाल्यांनी जळालेली वायर घेणंच बंद करावं. गिऱ्हाईक नाय तर काडी कोण लावील? चोरीचा माल माहीत असून घेणं तसा पण गुन्हाच आहे. इलेक्ट्रिशियन सोललेला माल आणतो तेव्हा त्याला विचारता कुठनं आणलास, मग जळका माल आणणाऱ्याला का नाय विचारत?

घरमालकांनी पण "तूंच व्हर" म्हणायच्या आधी जरा विचार करा. वायर तुमची आहे, द्यायची तर खुशाल द्या, आमच्या हेल्परला तो चहा-पाण्याचा आधार असतो, पण कामाच्या आधीच बोलून घ्या आणि जाळायची नाय ही अट घाला. नंतर अंगणात वजनकाट्यावरून वाद नको.

आमच्याकडे पंचायतीची सुक्या कचऱ्याची शेड आहे. तिथे एक हाताने फिरवायची सोलायची मशीन ठेवली तर? आणणाऱ्याचं नाव, कुणाच्या घरातनं काढली ते वहीत लिहायचं, सोलायचं, साल तिथेच ठेवायचं. पुढच्या ग्रामसभेत मी हे मांडणार आहे, मशीनचे पैसे आम्ही काही वायरमन मिळून घालायला तयार आहोत. चोरीचा माल येईल म्हणून कुणीतरी उठेलच, त्याला वही दाखवायची. जागा तेवढी पंचायतीने द्यावी आणि चावी कुणाकडे ते ठरवावं.