दान करा, पण दिसेल असं

मार्च लागला की इंदूरच्या आपल्या मराठी मंडळींना गरिबांच्या पोरांचा कळवळा येतो. ३१ तारखेच्या आत पावती फाटली नाही तर देणगीवरची करसवलत हुकते ना! (रोख देणार असाल तर २००० रुपयांच्या वर जाऊ नका, त्याहून जास्त रोख दिली तर सवलत नाही. आणि नवी करप्रणाली घेतली असेल तर ही सवलतच नाही, तेव्हा पोरांनी जरा कळ काढावी.)

बालआरोग्याला देणगी द्यायचीच, तर आजार नीट निवडा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मध्य प्रदेशातली पाच वर्षांखालची ३५.७ टक्के मुलं वयाच्या मानाने खुरटलेली निघाली. पण खुरटणं फोटोत येत नाही. चार वर्षांचं पोर अडीचचं दिसलं, तर बघणारी काकू म्हणते, ‘अगंबाई, किती गोड!’ रक्तक्षयाचंही तेच. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांत तो त्याच सर्वेक्षणात ७२.७ टक्के निघाला, आणि त्यावरचा उपाय म्हणजे आठवड्यातून दोनदा एक मिली लोहाचं औषध. ते पाजायला कुणीतरी वर्षभर घरोघरी जायचं. वर्षभर! एवढे दिवस फोटोवाला कोण ठेवणार? त्यापेक्षा एक दिवसाचं महाशिबिर घ्या. वजनकाटा, स्टेथोस्कोप, टॉनिकची बाटली, केळं, आणि मागे तुमच्या नावाचा फ्लेक्स. चेक थर्माकोलचा करा, शेजारी उभ्या राहणाऱ्या मुलापेक्षा उंच. आपल्याकडे ते सहज जमतं.

दंडाचा घेर मोजायची पट्टी मात्र देऊ नका. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेलं की मूल लाल रंगात येतं, म्हणजे अतिकुपोषित, हे ती क्षणात सांगते. पण किंमत अगदीच किरकोळ. लोक काय म्हणतील?

आता सगळ्यात नाजूक प्रसंग. संस्थेची दीदी येईल आणि म्हणेल, ‘काका, लाल पट्टीतल्या आजारी पोरांना पोषण पुनर्वसन केंद्रात चौदा दिवस ठेवावं लागतं. आईला सोबत राहावं लागतं. बुडालेल्या मजुरीचा भत्ता सरकार देतं, पण घरी राहिलेल्या दोन पोरांना कोण बघणार? म्हणून बाया अर्ध्यातच उठून जातात. वस्तीत एक सांभाळणारी बाई ठेवू, तिचा पगार द्या. आणि नंतरच्या तपासण्यांना यायला ऑटोचं भाडं.’ ऐकताना डोळे पाणावू द्या, पण मान डोलवू नका. ऑटोच्या भाड्यावर कै. आजोबांचं नाव कोरणार कुठे? संगमरवरी पाटीसकट पाण्याचं आरओ मशीन देऊ म्हणावं. त्याचा फिल्टर पुढे कोण बदलणार, हा प्रश्न तिने विचारलाच तर ‘लोकसहभाग’ हा शब्द वापरा.

पगाराचा विषय पुन्हा निघाला तर कायदा पुढे करा. कंपनीवाले असाल तर हुकमी पत्ता हातात आहेच: सीएसआरमध्ये, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चात, प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर नको. ही मर्यादा कंपनीने स्वतःच्या कचेरीत सीएसआर सांभाळायला केलेल्या खर्चाला आहे, प्रकल्प प्रत्यक्ष चालवणाऱ्या दीदीच्या पगाराला नाही, असं नियमात लिहिलंय खरं. पण नियम वाचतो कोण? खणखणीत आवाजात सांगा, ‘आमचा पैसा पगारावर जाता कामा नये, थेट मुलांपर्यंत पोचला पाहिजे.’ टाळ्या पडतात. औषधाची बाटली आपल्या पायांनी वस्तीत चालत जाईल, अशी श्रद्धा असली म्हणजे झालं.

समारंभाला पाहुणे उशिरा आले तरी मुलं सकाळी आठलाच बसवून ठेवा, मागच्या रांगा रिकाम्या दिसत नाहीत. पाहुण्यांना पोहे-जलेबी, वर सेव हवीच. मुलांना बिस्किटाचा पुडा, तोही भाषणं संपल्यावर, नाहीतर फोटोत तोंडं हलतात.

राहता राहिला अहवाल. वजन केलं तो एक लाभार्थी, टूथब्रश मिळाला तो दुसरा, बिस्किट खाल्लं तो तिसरा. तिन्ही ठिकाणी पोरगं एकच असलं तरी बिघडत नाही. वार्षिक सभेत एखादा चिकित्सक तरुण उठून विचारेल, ‘यातल्या किती मुलांचं वजन वाढलं?’ घाबरू नका. ‘प्रश्न उत्तम आहे’ म्हणा आणि त्याला तिथल्या तिथे पुढच्या वर्षीच्या स्वागत समितीत घ्या.