‘ॲनिमल फार्म’मधलं दूध कुठे गेलं?

कुठे मोर्चा निघाला किंवा संप लांबला, की व्हॉट्सॲपवर इंग्रज लेखक जॉर्ज ऑरवेल हजर होतो. फॉरवर्डचे शब्द थोडेफार बदलतात, सार तेच राहतं: ऑरवेल समाजवादाचा कट्टर शत्रू होता. ‘ॲनिमल फार्म’ या कादंबरीत त्यानं क्रांतीचा फोलपणा दाखवला, एक मालक जातो आणि दुसरा येतो, त्यापेक्षा जुना बरा. म्हणजेच पुस्तकानं पाश्चात्त्य व्यवस्थेला प्रशस्तिपत्रक दिलं. यावर डावीकडून ठरलेलं उत्तर येतं: दोष एकट्या नॅपोलियन डुकराचा, त्यानं हाकललेला स्नोबॉल हा डुक्कर टिकला असता तर सगळं सुरळीत झालं असतं. शंभरेक पानांचं पुस्तक आहे, वाचायला एक दुपार पुरते. तेवढी दोन्ही बाजूंनी खर्च केलेली दिसत नाही.

गोष्ट बहुतेकांना माहीत असते. मॅनर फार्मवरची जनावरं दारुड्या जोन्सला हाकलून देतात, कारभार डुकरांकडे जातो आणि अखेर डुकरं दोन पायांवर चालू लागतात. हे रशियन क्रांतीचं रूपक आहे: जोन्स म्हणजे झार, नॅपोलियन म्हणजे स्टालिन, स्नोबॉल म्हणजे स्टालिननं बाजूला सारलेला ट्रॉट्स्की, नॅपोलियननं पाळलेली कुत्री म्हणजे गुप्त पोलीस. इथपर्यंत कुणाचं दुमत नाही.

ऑरवेल समाजवादाचा शत्रू होता, हा दावा सगळ्यात कच्चा आहे. १९३६च्या डिसेंबरात हा माणूस स्पेनला गेला, तिथल्या एका डाव्या पक्षाच्या पलटणीत भरती झाला आणि मे १९३७मध्ये त्याच्या गळ्यातून गोळी आरपार गेली. त्यातून वाचला, तर मॉस्कोच्या तालावर चालणाऱ्या कम्युनिस्टांनी त्याच्या पक्षाचीच धरपकड सुरू केली, त्याला बायकोसह सरहद्द ओलांडून पळावं लागलं. स्टालिनवरचा त्याचा राग तिथला आहे, डाव्या छावणीच्या आतला. १९४६च्या एका निबंधात तो सरळ सांगतो की १९३६पासून आपण गंभीरपणे लिहिलेली प्रत्येक ओळ एकाधिकारशाहीच्या विरोधात आणि लोकशाही समाजवादाच्या बाजूनं आहे. नोव्हेंबर १९४३ ते फेब्रुवारी १९४४ या काळात त्यानं ही कादंबरी लिहिली, तेव्हा तो ‘ट्रिब्यून’ या डाव्या साप्ताहिकाचा साहित्य संपादक होता. (त्याआधी दोन वर्षं तो बीबीसीच्या हिंदुस्थानसाठीच्या विभागात होता. आपल्या मराठी निवेदिका वेणू चितळे तिथे त्याच्यासोबत काम करत.)

आता ‘जोन्सच बरा होता’. पहिल्याच पानावर जोन्स इतका झिंगलेला आहे की खुराड्याची झडपं लावायला विसरतो. बंड होतं ते कुणाच्या भाषणामुळे नव्हे. जनावरांना दिवसभर वैरण मिळालेली नसते, एक गाय शिंगानं कोठीचं दार फोडते आणि जोन्सची माणसं चाबूक घेऊन धावतात, त्यातून ते पेटतं. पुढे काय होतं, ते फॉरवर्डवाले कधीच सांगत नाहीत. जनावरं गवताची कापणी जोन्सच्या माणसांपेक्षा दोन दिवस आधी संपवतात, आणि त्या शेतावर आजवर निघालं नव्हतं इतकं पीक निघतं. क्रांती मुळातच फोल असं दाखवायचं असतं, तर लेखकानं हा हंगाम कशाला लिहिला असता?

‘सगळे सारखेच’ हे मत पुस्तकात जरूर आहे, पण ते बेंजामिन गाढवाचं आहे. त्याच्या मते परिस्थिती कधी फार बरी नव्हती, फार वाईटही नव्हती आणि पुढेही तसंच चालायचं. हे गाढव डुकरांइतकंच उत्तम वाचू शकतं, पण वाचण्यासारखं काही नसतंच म्हणून वाचत नाही. रोज जास्त राबणाऱ्या बॉक्सर घोड्याला न्यायला गाडी येते आणि बाकीची जनावरं त्याला टाटा करत उभी राहतात, तेव्हा कुठे बेंजामिन तोंड उघडतो आणि गाडीवरची पाटी वाचून दाखवतो: घोडे कापणाऱ्या खाटकाची गाडी. तोवर दार बंद झालेलं असतं. ‘आपल्याला काय त्याचं’ म्हणणाऱ्या शहाण्याची लेखकानं केलेली ही गत आहे, आणि फॉरवर्डवाले त्या शहाण्यालाच लेखक समजून बसले आहेत.

स्नोबॉलच्या चाहत्यांशी मात्र जरा सविस्तर बोलायला हवं. बंड होऊन गेलेलं आहे. गाईंचं दूध काढायचं राहिल्यामुळे कासा तटतटल्या आहेत. डुकरं जमेल तसं दूध काढतात, फेसाळ दुधाच्या पाच बादल्या भरतात. या दुधाचं काय करायचं, असं कुणीतरी विचारतं. एक कोंबडी म्हणते, जोन्स कधीकधी थोडं आमच्या खाण्यात मिसळायचा. (एवढ्या एका बाबतीत जोन्स बरा, हे मान्य.) नॅपोलियन बादल्यांसमोर उभा राहून म्हणतो, दुधाचं राहू द्या, कापणी महत्त्वाची, पुढे व्हा. संध्याकाळी सगळे परततात, तर दूध गायब. पुढे सफरचंदंही डुकरांकडे जातात. थोडी कुरबूर होते. त्या ठिकाणी ऑरवेलनं मुद्दाम नोंदवलंय की एरवी प्रत्येक गोष्टीत भांडणाऱ्या स्नोबॉल आणि नॅपोलियनचं यावर पूर्ण एकमत होतं. मग डुकरांचा प्रवक्ता स्क्वीलर समजूत काढायला येतो: आम्हाला दूध आवडतं असं नाही हो, पण डोक्याचं काम आमच्याकडे, आणि आम्ही खचलो तर जोन्स परत येईल! यावर कुणालाच काही बोलता येत नाही.

डिसेंबर १९४६मध्ये ड्वाइट मॅकडोनाल्ड या अमेरिकन संपादकाला लिहिलेल्या पत्रात ऑरवेलनं कथेचा निर्णायक क्षण हा दूध-सफरचंदांचाच असल्याचं सांगितलं आणि पुढे एका रशियन बंदराचं नाव जोडलं: क्रोनस्टाट. १९२१च्या मार्चमध्ये त्या बंदरातल्या खलाशांनी, एकेकाळच्या क्रांतीच्या बिनीच्या शिलेदारांनी, मोकळ्या निवडणुका मागितल्या. सत्तेवर लेनिन होता, आणि बंड चिरडणारी लाल सेना ट्रॉट्स्कीच्या हाताखाली होती. स्टालिन सरचिटणीस व्हायला अजून वर्ष होतं. त्याच पत्रात ऑरवेल म्हणतो की जनता सावध असेल आणि काम होताच नेत्यांना बाहेरची वाट दाखवायला शिकलेली असेल, तरच क्रांतीनं काही सुधारतं. भली हुकूमशाही नावाची गोष्टच नसते, हेही तिथेच आहे.

‘चांगलं डुक्कर हवं होतं’ ही तक्रार तशी जुनीच. फेबर अँड फेबर या प्रकाशनसंस्थेच्या वतीनं कवी टी. एस. एलियटनं जुलै १९४४मध्ये हस्तलिखित परत पाठवताना जवळपास हेच लिहिलं होतं: डुकरं सर्वात हुशार, म्हणून शेत चालवायला तीच योग्य, गरज होती ती लोकहिताची चाड असलेल्या डुकरांची. एकट्या नॅपोलियनला काळं फासायचंही ऑरवेलच्या मनात नव्हतं. जनावरांनी बांधलेली पवनचक्की स्फोटानं उडते तेव्हा सगळी जनावरं जमिनीवर लोळण घेतात, ‘नॅपोलियनसुद्धा’, असं त्यानं आधी लिहिलं होतं. छापण्याआधी ते बदलून ‘नॅपोलियन सोडून’ करायला लावलं. जर्मन फौजा चालून आल्या तेव्हा स्टालिन मॉस्कोतच थांबला होता, तेवढा न्याय त्याला मिळायला हवा, म्हणून.

राहिलं पाश्चात्त्य व्यवस्थेचं प्रशस्तिपत्रक. शेवटच्या प्रसंगात शेजारचा जमीनदार पिल्किंग्टन डुकरांच्या मेजवानीला येतो आणि कौतुक करतो: तुमची खालची जनावरं परगण्यात सर्वात जास्त राबतात आणि सर्वात कमी खातात, आम्हालाही शिकण्यासारखं आहे. मग पत्त्यांचा डाव, आणि दोघंही एकाच वेळी इस्पिकचा एक्का टाकतात. दोस्त राष्ट्रांच्या नेत्यांच्या १९४३च्या तेहरान परिषदेनंतर रशियाचं ब्रिटन-अमेरिकेशी गूळपीठ जमलं, असं सगळे मानत होते. ते टिकणार नाही, हे ऑरवेलला त्यातून सांगायचं होतं. पण एक्का दोन्ही बाजूंनी टाकलेला आहे, फक्त डुकरांनी नव्हे, आणि खिडकीतून बघणाऱ्या जनावरांना माणूस कोण आणि डुक्कर कोण, तेही ओळखता येत नाही.

पश्चिमेनं पुस्तक लगेच डोक्यावर घेतलं, असंही नाही. लंडनमध्ये ते ऑगस्ट १९४५मध्ये निघालं, त्याआधी बरेच प्रकाशक नको म्हणाले होते. जर्मनीतल्या निर्वासित छावण्यांसाठी छापलेल्या युक्रेनी आवृत्तीच्या सुमारे दीड हजार प्रती तर अमेरिकी लष्करानंच जप्त करून रशियनांच्या ताब्यात दिल्या. पुढे शीतयुद्ध तापलं आणि वारं फिरलं. १९५४च्या कार्टूनपटाला सीआयएनं गुपचूप पैसा पुरवला. त्यात अखेरच्या मेजवानीतून पिल्किंग्टन आणि त्याचे सोबती गाळले आहेत. टेबलाभोवती नुसती डुकरं उरली आहेत, आणि जनावरं त्यांच्यावर चाल करून जातात.