काका, आजोबांच्या घोरण्याबद्दल

काका नमस्कार. घोरण्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय की तुमचे आजोबा वाडा दणाणेल असे घोरायचे आणि तरी ८८ वर्षं ठणठणीत जगले, स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास पुन्हापुन्हा थांबण्याचा आजार, हे सीपॅप मशीन (मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं) खपवायला काढलेलं नवं खूळ आहे, आणि वजन उतरवून रोज शंख फुंकला की भागतं. उत्तर जरा लांबेल.

आजोबा नुसते घोरत असतील तर ८८ गाठले यात नवल नाही. घोरणारा प्रत्येकजण आजारी असं मी कुठंच म्हटलेलं नाही, भानगड घोरणं मधेच बंद पडतं तिथं आहे. मी स्लीप लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून रात्रपाळ्या केल्यात, तिथं स्क्रीनवर काय दिसतं सांगते. माणूस जोरात घोरतोय आणि एकदम चिडीचूप, नाकाखालच्या नळीची रेघ सपाट, पण छातीवरचा आणि पोटावरचा पट्टा हलतोच आहे, एक वर तर दुसरा खाली, कारण घसा मिटलाय आणि शरीर आतून हवा ओढायची झटापट करतंय. १० सेकंद झाले की तो थांबा धरायचा, काहींचा अर्ध्या मिनिटावर जातो, बोटावरचा ऑक्सिजन ९६ वरून ८० च्या घरात, मग एकदम घुसमटल्यासारखा श्वास, कूस बदलणं, परत घोरणं. आणि सकाळी विचारा, "छान झोप लागली हो!" म्हणजे आजोबांचं खरं काय ते आजीच सांगू शकल्या असत्या. तासाला ५ पेक्षा कमी थांबे असले तर नॉर्मल धरतात, ३० किंवा जास्त म्हणजे सिव्हियर.

आता या प्रत्येक थांब्याला मेंदू दचकून अर्धवट जागा होतो आणि बीपी उसळतं, रात्री जे खाली यायला हवं तेच. म्हणून तीन-तीन गोळ्या घेऊनही बीपी ऐकत नाही अशा लोकांत हा प्रकार भरपूर सापडतो, हृदयाचे ठोके अनियमित होणाऱ्यांतही. आणि रात्रीची लघवी, हिच्याकडे तर कुणाचं लक्षच नसतं! मिटलेल्या घशातून हवा ओढताना छातीत जो ताण येतो त्याने हृदय ताणलं जातं, त्याला वाटतं शरीरात पाणी वाढलंय, ते तसं हार्मोन सोडतं आणि किडनी बिचारी लघवी बनवत बसते. माणूस मात्र शुगर आणि प्रोस्टेटच्या टेस्ट करत फिरतो.

खूळ म्हणाल तर हे मशीन १९८१ पासून आहे, सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी आणलं. बप्पी लाहिरी २०२२ मध्ये गेले तेव्हा हॉस्पिटलने कारणांत हाच आजार सांगितला होता.

मशीन विकण्याबद्दल मात्र तुम्ही म्हणता त्यात थोडं तथ्य आहे, म्हणजे माझ्याबाबतीत नाही (मला कुणी कमिशन देत नाही हो), पण 'मशीन लावा, हार्ट ॲटॅक टाळा' अशी जाहिरात कुणी केली तर विश्वास ठेवू नका. २०१६ मध्ये हृदयाचे आणि स्ट्रोकचे सुमारे २७०० पेशंट घेऊन मोठी ट्रायल झाली, त्यात मशीनने ॲटॅक-स्ट्रोक कमी झाले नाहीत. पण त्या लोकांनी मशीन रात्रीतून सरासरी सव्वातीन तासच लावलं होतं, आणि दिवसा फार झोप येणाऱ्यांना त्यात घेतलंच नव्हतं. दिवसाची पेंग जाते, बीपी थोडं उतरतं, एवढं मी खात्रीने सांगेन.

शंखाला मी हसत नाही. जयपूरला ३० जणांवर सहा महिने प्रयोग झाला, २०२५ मध्ये छापून आला, शंखवाल्यांचे तासाला चार-पाच थांबे कमी झाले आणि दिवसाची झोपही. पण ते मध्यम आजाराचे पेशंट होते आणि अभ्यास छोटा. ज्याचे तासाला ४५ आहेत त्याने शंख वाजवून ४० वर आणले तर काय मिळवलं? वजनाचं बरोबरच आहे, अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये टिर्झेपटाइड हे वजन उतरवायचं इंजेक्शन लठ्ठ पेशंटना याच आजारासाठी मंजूर झालं. पण जबडा मागे असलेली सडपातळ माणसं, टॉन्सिल वाढलेली तोंडाने श्वास घेणारी पोरं, यांनी कुठलं वजन उतरवायचं? आणि पाळी गेलेल्या बायका, त्यातल्या कित्येकजणी फारशा घोरत नाहीत, नुसतं थकवा, झोप लागत नाही, सकाळी डोकं धरतं असं सांगतात, आणि घरचे म्हणतात टेन्शन घेतेस.

शेवटी तुम्हीच जाता जाता लिहिलंय की बीपीच्या दोन गोळ्या चालू आहेत आणि हल्ली सिग्नलला गाडी थांबली तरी डोळा लागतो, वयामुळे असेल. काका, हे वयावर ढकलू नका. काकूंना रात्री मोबाईलवर दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढायला सांगा आणि तो घेऊन छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा, टेस्ट बऱ्याचदा घरीसुद्धा होते. झोपेची गोळी किंवा रात्रीचा पेग असेल तर तेही न लाजता सांगा, दोन्हीने घसा अजून ढिला पडतो. आणि रिपोर्ट येईपर्यंत लांबच्या प्रवासाला स्टिअरिंग मुलाकडे द्या.